वाचकांचे प्रश्न : पाल, सापसुरळी आणि पठारावरचा सरडा

प्रश्न : घरातली पाल गुळगुळीत भिंतीवरून आणि छतावरून उलटी चालते, पण बागेतला सरडा त्याच भिंतीवर घसरतो. पालीच्या पायांना चिकट द्रव असतो का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : डिंकासारखा कोणताही द्रव पालीच्या पायांत नसतो. रात्री दिव्याच्या उजेडाने किडे जमले, की खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल येऊन बसते. तेव्हा आतल्या बाजूने तिची बोटे अवश्य निरखून पाहावीत. प्रत्येक बोटाच्या पसरट तळाशी आडव्या पट्ट्यांची ओळ दिसते, आणि ती मादी असेल तर पोटाच्या पातळ कातडीतून कधीकधी दोन पांढरी अंडीही दिसतात. त्या पट्ट्यांवर साध्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस असून प्रत्येक केसाला पुढे शेकडो फाटे फुटलेले असतात. ईशान्य भारतात आढळणाऱ्या टोके जातीच्या मोठ्या पालीच्या एकेका पायावर असे सुमारे ५ लाख केस असतात. हे फाटे भिंतीच्या इतके निकट जातात, की दोहोंच्या रेणूंमध्ये व्हॅन डर वाल्स बल या नावाने ओळखले जाणारे आकर्षण निर्माण होते. एका फाट्यापुरते ते नगण्य असते, पण सगळ्यांचे मिळून पालीचा भार सहज पेलते. पाऊल उचलताना पाल बोटे टोकाकडून वर मुडपत सोडवून घेते, त्यामुळे ती चिकटून राहत नाही. टेफ्लॉनच्या कोरड्या पृष्ठभागावर मात्र तिचाही पाय टिकत नाही.

सरड्याची बोटे बारीक, लांब आणि अणकुचीदार नख्यांची असतात. नखी रुतायला खरबरीत साल किंवा दगड मिळाला तर तो सरसर चढतो. तैलरंग दिलेल्या भिंतीवर त्याला आधारच सापडत नाही. डोळ्यांतही असाच फरक आहे. आपल्या घरातल्या पालीला मिटता येणाऱ्या पापण्या नसतात, डोळ्यावरचे पारदर्शक आवरण ती जिभेने पुसून घेते. सरडा मात्र पापण्या मिटतो.

प्रश्न : अंगणात तुळशीपाशी लालभडक शेपटीचे सापसुरळीचे पिल्लू निघाले. ते विषारी असल्याचे समजून घरच्यांनी मारले. सापसुरळी खरोखर विषारी असते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. ते पिल्लू मारायला नको होते, हे आधी स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. विषारी दंशासाठी प्रसिद्ध असलेले गिला मॉन्स्टरसारखे सरडे अमेरिका खंडात राहतात; आपल्या अंगणातली सापसुरळी कीटक खाऊन जगणारा निरुपद्रवी जीव आहे, आणि तिच्या नावातल्या ‘साप’ या शब्दानेच तिचा मोठा घात केला आहे. तिच्या अंगाला सापासारखी चकाकी येते ती एकमेकांवर कौलांप्रमाणे बसलेल्या गुळगुळीत खवल्यांमुळे. या खवल्यांखाली हाडांच्या बारीक चकत्या असतात. जवळून पाहिले तर चार आखूड पाय आणि डोक्याच्या बाजूला कानाचे छिद्र दिसते. सापाला यांपैकी काहीही नसते.

काही जातींच्या पिल्लांच्या शेपटीचा लाल रंग हा इशारा नसून बचावाचा उपाय आहे. शत्रूची झडप डोक्याऐवजी शेपटीवर पडावी, ती तुटून वळवळत राहावी आणि तेवढ्यात पिल्लाने पळ काढावा, यासाठी तो उपयोगी पडतो. पालीप्रमाणेच तिलाही नवी शेपटी येते, मात्र नव्या शेपटीत मणक्यांच्या जागी कूर्चेचा दांडा असतो. बागेतला सरडा आणि घोरपड यांना ही सोय नाही.

प्रश्न : साताऱ्याजवळच्या पठारावर गळ्याखाली निळा पंखा उघडणारा सरडा पाहिला. तो कोणता? (एक वाचक, कराड)

उत्तर : आपण चाळकेवाडीच्या बाजूला गेला असाल, तर तो ‘सरडा सुपर्बा’ असावा. २०१६ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन झाले, तेव्हा तिच्या प्रजातीला आपला मराठी ‘सरडा’ हाच शब्द नाव म्हणून मिळाला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. निळा, काळा आणि नारिंगी-लाल रंगाचा पंखा फक्त नराला असतो. विणीच्या काळात नर दगडावर उभा राहून, जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या आधाराने तो उघडतो आणि मिटतो. पुन्हा दिसला तर मागच्या पायाची बोटे मोजून पाहावीत. पाचऐवजी चारच भरतील.

या पठारावरच्या पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी झाल्याने हे सरडे संख्येने वाढले, पण तिथल्या नरांचे रंग फिकट आढळले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवले आहे. आपण पाहिलेला सरडा पवनचक्क्यांजवळ होता की त्यांपासून दूर, आणि त्याचा निळा रंग कितपत गडद होता, हे आठवत असल्यास अवश्य कळवावे.