क्रोएशियातील याट-सहल आणि मुलीचा शिक्षणनिधी

प्रश्न : जुलैमध्ये मित्राच्या कुटुंबासह क्रोएशियातील स्प्लिट या बंदरातून आठवडाभर याट भाड्याने घेऊन ह्वार, विस ही बेटे पाहायची आहेत. नौकाचालनाचा परवाना कोणाकडेच नाही. बोटीचे भाडे 5,600 युरो असून निम्मे भाडे व तिघांचे विमानप्रवास मिळून आमच्या वाट्याला 5 लाख रुपये येतात. आठवीतल्या मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या इक्विटी फंडातून ते काढावेत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : काढू नयेत. हौस अवाजवी आहे असे नव्हे, परंतु आपला हिशेब अपुरा आहे. परवाना नसल्याने स्किपर (बोट चालवणारा परवानाधारक) घ्यावाच लागेल. त्याचे दिवसाला सुमारे 200 युरो व जेवण आपल्याकडे असते, आणि झोपायला जागाही द्यावी लागते, त्यामुळे तीन केबिनच्या बोटीत मुलांची रवानगी बैठकीच्या बाकावर होते. डिझेल, मरिनाचे (बोटी लावण्याच्या धक्क्याचे) शुल्क, अखेरची साफसफाई हे भाड्याबाहेरच राहते. युरो 100 रुपयांचा धरला, तरी व्हिसा, विमा व स्प्लिटमधील एखाद्या मुक्कामासह आपला वाटा माझ्या अंदाजाने 7 लाखांच्या घरात जाईल. शिवाय अनामत म्हणून दोन-तीन हजार युरो क्रेडिट कार्डावर अडकतात. बोट परत करताना पाणबुड्या तळ तपासतो आणि मगच ती रक्कम मोकळी होते.

फंड विकल्यास वर्षभरातील सव्वा लाखावरील दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के कर लागेल. तो एक वेळ सोसता येईल. पण बारावीनंतरच्या शुल्काला हात लावून केलेली सहल मला पटत नाही. (वैयक्तिक कर्जाचा तर विचारही नको.)

त्यापेक्षा पुढच्या मेमध्ये जावे. जुलै-ऑगस्ट हा तिथला ऐन हंगाम, तर महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी त्याआधी येते. त्या वेळी बोटींचे भाडे बरेच उतरलेले असते आणि मुलीची शाळाही बुडत नाही. पाणी मात्र पोहायला गारच असेल. तोवर शिक्षणनिधीची एसआयपी (दरमहाची ठरावीक गुंतवणूक) तशीच चालू ठेवून वार्षिक बोनस आणि दरमहा जमेल ती रक्कम लिक्विड फंडात (लवकर पैसे काढता येणाऱ्या कमी जोखमीच्या फंडात) वेगळी साठवावी, कारण साधारण निम्मे भाडे आरक्षणाच्या वेळीच भरावे लागते.

करारावर सही करणाऱ्यावरच संपूर्ण भाड्याची जबाबदारी येते. त्यामुळे मित्राचा वाटा आधी आपल्या खात्यात जमा होऊ द्यावा, मगच आगाऊ रक्कम भरावी.