नऊ दिंग, आठ ग्वेइ

प्रश्न : मी संग्रहालयशास्त्राची विद्यार्थिनी आहे. प्रदर्शनाच्या मांडणीत कन्फ्यूशियसचा सौंदर्यविचार उतरवावा, असे अलीकडे वारंवार वाचनात येते. पांढऱ्या भिंती, मोकळी जागा आणि मंद प्रकाश एवढ्याने ते साधते का?

उत्तर : नाही. आपण वर्णन केलेल्या मोकळ्या जागेचे नाते ताओ विचाराशी आणि ध्यानमार्गी बौद्ध परंपरेशी अधिक जवळचे आहे. चीनमधले जे जे शांत दिसते ते ते कन्फ्यूशियसच्या नावावर जमा करण्याची आपल्याकडे सवयच आहे. त्याच्या लेखी सौंदर्य 'ली' म्हणजे विधिमर्यादा आणि 'युए' म्हणजे संगीत यांच्या मेळातून येते, आणि वस्तूची शोभा ती कोणाच्या शेजारी, कितव्या जागी आहे यावर अवलंबून असते.

वूहानच्या हुबेइ प्रांतिक संग्रहालयातील, १९७८ साली उत्खनन झालेल्या प्राचीन चीनमधील त्सेंग या छोट्या राज्याचा सामंत यी याच्या कबरीतील वस्तू पाहा. हा सामंत कन्फ्यूशियसनंतर सुमारे अर्ध्या शतकाने वारला. कबरीत ६५ कांस्यघंटा होत्या. त्यांची तीन मजली चौकट काटकोनात दोन बाजूंना उभी होती आणि तिसऱ्या बाजूला शिळावाद्य होते. विधिग्रंथांच्या परंपरेनुसार राजाची वाद्ये चारही बाजूंना, तर सामंताची तीन बाजूंना मांडायची असतात. म्हणजे वाद्यांपुरती मर्यादा पाळलेली दिसते. त्याच कबरीत मात्र नऊ दिंग (पायांचे पाकपात्र) आणि आठ ग्वेइ (धान्यपात्र) निघाले, आणि परंपरेने हा संच सामंताचा नव्हे, राजाचा मानला जातो! एका सरदार घराण्याने राजाच्या मानाचा आठ रांगांचा नाच आपल्या अंगणात केला म्हणून कन्फ्यूशियस संतापला होता, हे आठवले की या पात्रांकडे पाहण्याची नजरच बदलते.

आता यातले एकच देखणे दिंग उचलून काचपेटीत, प्रकाशझोताखाली ठेवले, तर नक्षी दिसेल पण ही सगळी हकीकत नाहीशी होईल. नऊ पात्रे ओळीने आणि समोर आठ मांडावीत, प्रेक्षकाला ती मोजू द्यावीत आणि फलकावर सामंताला किती शोभली असती एवढेच लिहावे. सजावटीबाबत कन्फ्यूशियसचे सूत्र असे, की आधी कोरी पार्श्वभूमी, मग रंग; पडदे आणि ध्वनियोजना यांचा विचार त्यामुळे मागाहूनच व्हावा. एका ठरावीक वाटेने सर्वांना रांगेत फिरवणे म्हणजे 'ली' नव्हे, हेही सांगून ठेवतो, कारण ही गल्लत सर्रास होते.

प्रेक्षकाच्या सहभागासाठी कन्फ्यूशियसच्या परंपरेतला नंतरचा विचारवंत शुन्झी याच्या ग्रंथातील कलते भांडे मला फार सोयीचे वाटते. लू राज्याच्या मंदिरात ते पाहून कन्फ्यूशियसने राखणदाराला त्याविषयी विचारले आणि शिष्यांना त्यात पाणी ओतायला लावले : रिकामे असता ते कलते, मध्यापर्यंत भरले की सरळ उभे राहते, काठोकाठ भरले की उलटते. त्याची प्रतिकृती, शेजारी पाण्याचा तांब्या आणि खाली सांडलेले पाणी वाहून जाण्याची सोय, एवढे केले तरी दालनात मुलांची रांग लागेल. माहितीचा फलक मात्र भांडे उलटल्यानंतर दिसेल अशा जागी लावावा.