नवजात बाळाची कावीळ आणि पेशींचे पटल

प्रश्न : मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे. माझ्या नातीची कावीळ जन्मानंतर तिसऱ्या दिवशी वाढली, म्हणून तिला निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागले. बिलिरुबिन फार वाढले तर मेंदूला इजा होते, असे डॉक्टरांनी सांगितले. पित्त साबणासारखे काम करते हे मी शिकवत आले. मग ते पेशींचे पटल विरघळवते म्हणून ही इजा होते का? आणि मोठ्या माणसांच्या काविळीत मेंदूची अशी धास्ती का नसते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : साबणासारखे काम पित्तातील क्षार करतात, बिलिरुबिन हे पित्तातील रंगद्रव्य आहे आणि त्याची रीत अगदी वेगळी आहे. तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडल्या की हिमोग्लोबिनमधील हीमपासून आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि त्यापासून पिवळे बिलिरुबिन तयार होते. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमागे साधारण 35 मिलिग्रॅम बिलिरुबिन निघते. नवजात बाळाच्या तांबड्या पेशी संख्येने जास्त आणि अल्पायुषी असतात, तर बिलिरुबिनची विल्हेवाट लावणारे यकृतातील विकर अजून पुरेसे कामाला लागलेले नसते. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत ते साचते.

बिलिरुबिनच्या रेणूत दोन आम्लगट असतात, म्हणजे खरे तर ते पाण्यात विरघळायला हवे. परंतु हा रेणू मधोमध दुमडलेला असतो आणि सहा अंतर्गत हायड्रोजन बंधांनी ते आम्लगट आतच जखडलेले असतात, त्यामुळे त्याला पाण्यापेक्षा मेदाचा सहवास मानवतो. रक्तात तो अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतो आणि तोवर तो निरुपद्रवी असतो. अल्ब्युमिनच्या जागा भरल्या की सुट्या बिलिरुबिनचे प्रमाण वाढते, आणि खरा धोका याच सुट्या अंशाचा आहे.

पेशीपटल म्हणजे फॉस्फोलिपिडांचा दुहेरी थर : जलस्नेही टोके बाहेर, मेदाम्लांच्या शेपट्या आत. सुटे बिलिरुबिन या थराच्या पृष्ठभागालगत जाऊन बसते, तेव्हा तेथील रेणूंची मांडणी विस्कटते, पटलाची प्रवाहिता आणि ध्रुवीयता बदलते आणि त्यात रुतलेल्या प्रथिनांच्या कामात अडथळा येतो. प्रयोगशाळेत तांबड्या पेशींवर बिलिरुबिन सोडले तर हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते : गुळगुळीत चकतीला आधी काटे फुटतात, पटलातील कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडे निसटू लागतात, आणि एरवी आतल्या बाजूला राहणारे फॉस्फॅटिडिलसेरीन हे फॉस्फोलिपिड बाहेर येते, जी पेशी काढून टाकण्याची खूण आहे. परिपक्व तांबड्या पेशीला केंद्रकही नसते आणि ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रियाही नसतात, त्यामुळे हा सारा परिणाम पटलापासूनच सुरू होतो, असे म्हणता येते. म्हणूनच हे प्रयोग मला फार मोलाचे वाटतात.

मेंदूतील पेशींत याहून अधिक बिघडते, कारण तेथे मायटोकॉन्ड्रियाचे पटलही या तडाख्यात सापडते. त्यातून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडले की पेशीच्या आत्मनाशाची प्रक्रिया सुरू होते. मेंदूच्या खोल भागातील काही केंद्रके (येथे अर्थ चेतापेशींचे पुंजके) आणि मस्तिष्कस्तंभातील श्रवणाची केंद्रके यांना विशेष झळ बसते. या केंद्रकांच्या पिवळेपणावरूनच जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्मोर्ल यांनी 1904 मध्ये या विकाराला ‘कर्निक्टेरस’ हे नाव दिले.

सुट्या अंशाचे महत्त्व 1956 मध्ये अमेरिकेत फार दुःखद रीतीने समोर आले. विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, संसर्ग टाळण्यासाठी पेनिसिलिनसोबत सल्फिसॉक्साझोल दिलेल्या अकाली जन्मलेल्या बाळांत मृत्यू आणि कर्निक्टेरस जास्त आढळले. ते औषध अल्ब्युमिनवरची जागा बळकावून बिलिरुबिनला हुसकावून लावते, हे पुढे उलगडले. रक्तातील आम्लता वाढली तरीही बिलिरुबिन पटलाकडे अधिक वळते. त्यामुळे तपासणीतला आकडा तोच असला, तरी अकाली जन्मलेल्या, संसर्ग झालेल्या किंवा अल्ब्युमिन कमी असलेल्या बाळासाठी तो अधिक धोक्याचा ठरतो.

मोठ्यांच्या काविळीत, यकृतदाहात किंवा पित्तनलिकेत खडा अडकल्यावर, रक्तात साचणाऱ्या बिलिरुबिनपैकी बराचसा भाग यकृताने आधीच ग्लुकुरॉनिक आम्लाशी जोडलेला असतो. तो पाण्यात विरघळतो आणि पटलात सहज शिरत नाही. यकृताच्या आजाराचे इतर धोके अर्थातच राहतात.

आपल्या नातीवर पडलेल्या निळ्या प्रकाशाने रेणूचा एक भाग फिरतो, आतले काही बंध सुटतात आणि तो पाण्याला अनुकूल होतो, म्हणून यकृताच्या जोडणीवाचूनच पित्तावाटे आणि काही अंशी लघवीवाटे बाहेर पडतो. घरी कोवळ्या उन्हात धरणे हा याला पर्याय नाही, कारण त्यात प्रकाशाची मात्रा सांभाळता येत नाही आणि बाळाला थंडी बाजण्याची किंवा त्वचा भाजण्याची भीती असते. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्याही ठेवू नयेत, हे मी आग्रहाने सांगतो : ज्यांच्यात जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्या बाळांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतील नॅप्थलीनमुळे झपाट्याने फुटतात. कावीळ असलेले बाळ सुस्त झाले, दूध ओढेनासे झाले, कर्कश रडू लागले किंवा अंग मागे ताणू लागले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. नातीचे बिलिरुबिन बरेच चढले होते का, हे डॉक्टरांना विचारावे. तसे असल्यास तिची ‘बेरा’ ही श्रवणचाचणी करून घ्यावी.