बटण सोडले की ज्योत विझते : थर्मोकपलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आम्ही एका जुन्या भाड्याच्या घरात राहतो. भिंतीत बसवलेला गॅसचा हीटर आहे. यंदा थंडी सुरू झाल्यावर पेटवायला गेलो, तर बटण दाबून धरले असेपर्यंत पायलटची (मुख्य बर्नर पेटवणारी छोटी) ज्योत राहते, सोडले की विझते. थर्मोकपल गेले असेल, असे सगळे म्हणतात. ते तपासायचे आणि बदलायचे कसे?

उत्तर : लक्षण थर्मोकपलचेच आहे, पण दोष दरवेळी त्याचा नसतो. पायलटची ज्योत अशक्त असली, थर्मोकपल व्हॉल्व्हला जिथे जोडतात तिथे मळ बसला किंवा व्हॉल्व्हमधला चुंबक गेला, तरी हीटर हुबेहूब असाच वागतो. त्यामुळे नवा भाग आणण्याआधी मोजून घ्या.

थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा जोड. त्याचे एक टोक तापवले आणि दुसरे थंड राहिले, की त्यांच्यात वीज निर्माण होते. शास्त्रज्ञ सीबेकने १८२१ मध्ये पाहिलेला हा परिणाम. तुमच्या हीटरमध्ये पायलटची ज्योत ते टोक तापवते आणि साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट तयार होतात. एवढ्याशा विजेवर व्हॉल्व्हमधला छोटा चुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवतो. तो झडप नुसती धरू शकतो, ओढून घेऊ शकत नाही. म्हणून सुरुवातीला बटण दाबून झडप आपल्याला हाताने उघडावी लागते. ज्योत विझली की टोक थंड होते, चुंबक सुटतो आणि स्प्रिंग गॅस बंद करते. घरात न जळलेला गॅस साचू नये यासाठीची ही सगळी व्यवस्था आहे.

पहिले काम : ज्योत पाहा. ती निळी, स्थिर हवी आणि थर्मोकपलच्या टोकाचा वरचा १० ते १३ मिलिमीटर भाग तिने वेढलेला हवा. ज्योत पिवळी, लुळी किंवा टोकाला जेमतेम चाटणारी असेल, तर थर्मोकपल ठणठणीत असूनही तापणार नाही. उन्हाळाभर बंद असलेल्या हीटरच्या पायलटमध्ये धूळ आणि कोळ्याची जाळी हमखास सापडतात. गॅस बंद करून, सगळे थंड झाल्यावर दाबलेल्या हवेच्या डब्याने फुंकर मारा. जेटमध्ये, म्हणजे गॅस बाहेर येतो त्या छिद्रात, सुई किंवा तार अजिबात घालू नका. ते छिद्र केसाइतके बारीक असते, जरासे मोठे झाले की ज्योत कायमची बिघडते.

ज्योत चांगली असेल तर मल्टिमीटर घ्या. थर्मोकपलची तांब्याची बारीक नळी व्हॉल्व्हमध्ये जिथे आटेदार नटने बसते, तिथून ती सोडवा. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून एक तार नळीच्या तांब्याला आणि दुसरी नळीच्या शेवटच्या बोंडाला लावा. आता झडप धरून ठेवायला वीज नाही, म्हणून पायलट पेटवून कुणाला तरी बटण सतत दाबून धरायला सांगा. मिनिटभरात आकडा २५ च्या पुढे जायला हवा. २० च्या खाली अडकला तर थर्मोकपल बदला.

इथे बरेच जण फसतात. मीटर २८ दाखवतो, तरी पायलट टिकत नाही. याचे कारण असे, की मीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, चुंबकाला मात्र खरा प्रवाह लागतो. त्या वाटेचा एकूण रोध ओहमच्या काही शतांशांइतकाच असतो. बोंडावर गंजाचा पातळ थर असला, तरी प्रवाह निम्म्यावर येतो. म्हणून बोंड आणि त्याची बैठक कोरड्या फडक्याने पुसा, गरज पडली तर अगदी बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा आणि नळी परत बसवून पाहा. अनेकदा एवढ्यानेच काम होते.

बटण सोडल्यावर पायलट थोडा वेळ तरी टिकत असेल, तर आणखी एक सोपी चाचणी आहे. मुख्य बर्नर बंद ठेवून पायलट तीन-चार मिनिटे जळू द्या, मग विझवा आणि व्हॉल्व्हमधून ‘टक्’ आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन-चार सेकंदांतच आवाज आला तर थर्मोकपल कमजोर आहे किंवा जोड मळका आहे. निरोगी थर्मोकपल बऱ्यापैकी वेळ झडप धरून ठेवते. तीन मिनिटे उलटली तरी आवाज आलाच नाही, तर झडप अडकली आहे. मग हीटर वापरू नका, व्हॉल्व्ह बदलावा लागेल. आणि नवे थर्मोकपल, स्वच्छ जोड, नीट ज्योत असूनही पायलट टिकत नसेल, तर दोष चुंबकाचा.

बदलताना हीटरच्या पाइपवरची तोटी पाइपला काटकोनात फिरवून गॅस बंद करा, दहा मिनिटे थांबा, भाग थंड होऊ द्या. नवे थर्मोकपल जुन्याच्या लांबीचे किंवा किंचित लांब घ्या. १८, २४, ३० आणि ३६ इंची सर्रास मिळतात. जास्तीची नळी कापायची नसते. तिची मोठी, सैल गुंडाळी करा, कारण तीव्र बाक दिला तर आतली तार तुटते. टोक पायलटच्या पकडीत पूर्वीइतक्याच उंचीवर बसवा. व्हॉल्व्हकडचा नट हाताने घट्ट करा आणि पान्ह्याने फक्त पाव फेरा द्या. जास्त आवळला तर आतला इन्सुलेशनचा वॉशर चिरडतो आणि नवे थर्मोकपल तिथल्या तिथे शॉर्ट होते. ही चूक फार सर्रास होते. या आट्यांवर टेप किंवा पेस्ट लावायची नाही, कारण हा जोड विजेचा आहे. पायलटची गॅसनळी सैल केली असेल तर साबणाच्या पाण्याचा फेस लावून बुडबुडे येतात का, ते पाहा.

एक खबरदारी : नळीऐवजी जाड दांडा आणि त्यातून दोन तारा निघून स्क्रूंवर बसलेल्या दिसल्या, तर ते थर्मोपाइल आहे. ते कित्येकशे मिलिव्होल्ट देते, त्याला वरचे आकडे लागू नाहीत.

तुम्ही भाडेकरू आहात, हेही लक्षात घ्या. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार घरातली हीटिंगची सोय चालू ठेवणे हे घरमालकाचे काम आहे. त्यांना आधी लेखी कळवा.

प्रश्न : पुण्यात आमच्या किचन ओट्यात बसवलेल्या हॉबचा एक बर्नर नॉब सोडताच विझतो. मेकॅनिक म्हणतो, सेफ्टी काढून टाकू, कटकट नको. काढावी का?

उत्तर : नाही. दूध उतू जाऊन ज्योत विझली, तर गॅस थांबवणारी ती एकच गोष्ट आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, तो ओट्याखाली आणि फरशीवर साचतो.

बर्नरशेजारी उभी असलेली बारीक कांडी हेच थर्मोकपल. उतू गेलेल्या दुधाचा, डाळीचा थर तिच्यावर करपून बसतो. बर्नर थंड असताना भांडी घासायच्या हिरव्या घासणीने ती हलकेच घासा आणि कांडी ज्योतीत येते का, ते पाहा. पेटवल्यावर नॉब पाच ते दहा सेकंद दाबून धरा. तरी विझत असेल, तर मेकॅनिकला रेग्युलेटर बंद करून शेजारच्या बर्नरच्या थर्मोकपलचे व्हॉल्व्हकडचे टोक या व्हॉल्व्हला लावून पाहायला सांगा, अर्थात नळीची लांबी पुरत असेल तर. त्यासाठी शेजारचा बर्नर पेटवून त्याची कांडी तापवावी लागते. या व्हॉल्व्हची झडप त्यावर टिकली तर दोष तुमच्या थर्मोकपलचा, नाही टिकली तर व्हॉल्व्हचा. नवे घेताना जुने सोबत न्या. काही टोके आटेदार असतात, काही नुसती खोचायची.

प्रश्न : नाशिकला आमचा गॅस गीझर पेटून लगेच विझतो. थर्मोकपल बदलावे का?

उत्तर : आपल्याकडच्या बहुतेक बॅटरीवाल्या गीझरांत थर्मोकपल नसते, ज्योतीची जाणीव एका इलेक्ट्रोडला होते. आधी दोन्ही मोठे सेल एकदम बदला, मग इलेक्ट्रोडवरची काजळी पुसा. काजळी पुन्हापुन्हा जमत असेल किंवा ज्योत पिवळी असेल, तर गॅस अर्धवट जळतो आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे. अशा वेळी गीझर बंद ठेवा. तो बाथरूमच्या आत बसवलेला असेल, तर दुरुस्तीबरोबरच बाहेर मोकळ्या हवेत हलवून घ्या. गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचे कोणतेही बटण दाबू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ या एलपीजी आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.