चित्रात दोन सूर्य

प्रश्न : सर, मी इचलकरंजीत नोकरी करते. फोटो बघून जलरंगात निसर्गचित्रं बरी जमतात. परवा कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात जाऊन बसले, तर ऊन सरकत राहिलं, उसाचा हिरवा अंगावर आला आणि भोवती पोरांचा गराडा. शेवटी कागद फाडून परतले. बाहेर बसून रंगवायचं कसं?

उत्तर : फाडायला नको होता. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या नदीघाटाचं माझं एक जुनं चित्र मी मुद्दाम जपलंय. साडेसातला बसलो, अकराला उठलो. पायऱ्यांवर सकाळची लांब सावली, झाडाखाली अकराची आखूड. एकाच चित्रात दोन सूर्य! क्लासची पोरं बघून हसतात.

तेव्हापासून सावल्या आधी. रेखाटन झालं की अल्ट्रामरिन निळ्यामध्ये थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घालून सगळ्या सावल्या पंधरा मिनिटांत टाकायच्या. मग सूर्य कुठंही जाऊ दे, त्या बदलायच्या नाहीत. पूर्ण वाळल्यावर वरून रंग चढवा, तोही ब्रश एकदाच फिरवून. घासलात की खालची सावली उठून येते. दीड तासात उठा. राहिलेलं दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला.

हिरव्याचं म्हणाल, तर ट्यूबमधला सॅप ग्रीन सरळ लावला असणार. ऊस एकरंगी कुठं असतो? पानं निळसर, खाली पाचट पिवळं, थंडीत तुरा आला की शेंड्यावर रुपेरी-जांभळी झाक. गॅम्बोज पिवळा आणि अल्ट्रामरिन मिसळून बघा, फार ओरडला तर बर्न्ट सिएनाचा एक थेंब. आणि गुऱ्हाळ शोधा. रस उकळणाऱ्या काहिलीची वाफ, चुलाणाचा धूर, उन्हात पसरलेली फिकट चिपाडं... हिरव्याला टेकायला जागा मिळते. आमच्याकडं दिवाळीनंतर गुऱ्हाळं रंगात येतात. पावसाळ्यात जाऊ नका, कागदच वाळत नाही.

दर रविवारी नवं गाव कशाला? कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान तिथल्याच कोटितीर्थ तलावाकाठी राहिले आणि तोच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत बसले. तिसऱ्या खेपेला पोरंही कंटाळतात. तोवर सगळ्यात द्वाड असेल त्याला पाणी बदलायच्या कामाला लावा. मोठी माणसं "मोजणी हाय व्हय?" म्हणून विचारतील, कारण बोर्ड घेऊन बांधावर बसलेलं माणूस त्यांना जमीन मोजणाऱ्याशिवाय दुसरं कोण वाटणार? आधीच रामराम घालून सांगून टाका. गुऱ्हाळवाला रसाचा पेला आणून देईलच. तो ब्रशच्या पाण्याशेजारी ठेवू नका. मी ठेवला होता.