गॅलरीचे पोपडे पडतायत? आधी वरून बघा

तुम्ही सोसायटीच्या कमिटीचं काम नव्यानेच अंगावर घेतलंय आणि पहिलाच प्रश्न गॅलऱ्यांच्या पोपड्यांचा, म्हणजे सुरुवात दणक्यात झाली! घाबरू नका. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींचं हे नेहमीचंच दुखणं आहे. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरतं, सळ्या गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो.

खालून लोंबणारे पोपडे सगळ्यांना दिसतात. पण भिंतीबाहेर अधांतरी काढलेल्या गॅलरीचा भार पेलणाऱ्या मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात. त्यामुळे भिंतीलगत लादीवर आडवी चीर दिसली किंवा कठडा बाहेर झुकला, तर त्या गॅलरीत जाणं आजच बंद करा. खालची जागाही दोरी बांधून अडवा. मीटिंगची वाट बघू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- गंजक्या सळीवर नुसतं प्लास्टर थापणं. दोन पावसाळ्यांत पुन्हा पोपडे.
- जुन्या लादीवर नवी लादी. उगाच वजन वाढतं.
- ठेकेदारालाच तपासायला सांगणं. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग कोटेशन. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) दर तीन वर्षांनी करायचं असतं.

गॅलरीची दुरुस्ती की पाडून नवी, हे इंजिनिअरला ठरवू द्या. चाचण्यांची नावं आत्ता पाठ करत बसू नका. पाडायचं ठरलं तर टेकू थेट जमिनीपर्यंत हवेत, फक्त खालच्या गॅलरीवर टेकवलेले चालत नाहीत. काम दिवाळीनंतर काढा, आणि काँक्रीटला खाडीची वाळू किंवा मचूळ विहिरीचं पाणी अजिबात वापरू देऊ नका.