लीड्सला राहायला जातोय, घरी सगळे शाकाहारी. पारंपरिक ब्रिटिश वाणसामानातलं काय काय भरून ठेवावं?

डाळ-तांदूळ, मसाले लीड्समध्ये सहज मिळतात, त्यामुळे ब्रिटिश सामानाला एक फळी पुरे. तुम्ही शाकाहारी आहात म्हणून आधी सावध करतो: इथे मासे-मांस भलत्याच बाटल्या-डब्यांत निघतं. वूस्टर सॉसचंच बघा. त्यात चिंच असते, चव ओळखीची लागते, पण ली अँड पेरिन्सच्या मूळ सॉसमध्ये अँकोव्ही मासेही असतात. त्यापेक्षा एचपी सॉस आणा. त्यात चिंच-खजूर दोन्ही आहेत, समोशाबरोबरही खपतो. जेलीच्या वड्यांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. सूएट म्हणजे गुरांची चरबी, आणि नाताळच्या मिन्स पायच्या सारणातही ती असू शकते. व्हेजिटेबल सूएट वेगळं मिळतं.

बर्ड्सची कस्टर्ड पावडर मात्र डोळे मिटून घ्या. बायकोला अंडी सोसत नाहीत म्हणून बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डने 1837 साली ती बिनअंड्याची केली. आपण कस्टर्ड गार करून त्यात फळं घालतो, इथे ते गरमागरम सफरचंदाच्या क्रंबलवर, म्हणजे वर पीठ-लोण्याचा चुरा घालून भाजलेल्या फळांवर, ओततात. थंडीत हेच बरं लागतं.

कोलमन्सची मोहरी तयार बाटलीतली नको, पिवळ्या डब्यातली पूड घ्या. गार पाण्यात कालवून दहा मिनिटं तशीच ठेवा, मग ती लोणच्यासाठी फेसलेल्या मोहरीसारखी थेट नाकात जाते. गरम पाणी घातलंत तर तो झणका येतच नाही. चीज सँडविचला नखभर पुरते.

मार्माइट छोटीच बाटली आणा. यीस्टचा खारट, काळा लगदा आहे तो. लोणी लावलेल्या टोस्टवर अगदी पुसट फासायचा. मुलं तोंड वाकडं करतील, करू द्या. त्यात बी-12 घातलेलं असतं, आणि शाकाहारी घरात त्याची गरज असतेच.

बेक्ड बीन्सचे चार डबे, ओट्स, माल्ट व्हिनेगर, ब्रॅन्स्टन पिकल (भाज्यांच्या तुकड्यांचं आंबट-गोड लोणचं), डायजेस्टिव्ह बिस्किटं, चहाच्या पिशव्या. बीन्स गोडसर असतात. आमच्याकडे कांदा-मिरचीची फोडणी दिल्याशिवाय ताटात येत नाहीत.

सेल्फ-रेझिंग पीठ साठवू नका, जुनं झालं की केक फुगत नाही. साधा मैदा ठेवा आणि लागेल तेव्हा 150 ग्रॅमला दोन छोटे चमचे (टीस्पून) बेकिंग पावडर मिसळा.